मेंदूची शस्त्रक्रिया आणि सूक्ष्मदर्शक यंत्र



या व्यासपीठावर विद्वान येतात, प्राध्यापक येतात, डॉक्टर येतात. आम्ही यांपैकी कोणीच नाही. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते लेथपाशी, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. येथून जवळच असलेल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची संघटना करण्यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा पगारवाढ, बोनस, कंत्राटी कामगार असा एखादा विषय आम्ही घेऊ, अशी चालकांची अपेक्षा असावी. आम्ही मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्मदर्शकाविषयी बोलू म्हणालो, तेव्हा त्यांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिले. हा विषय आम्ही का मागून घेतला ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात आमची एक चूक आहे.

आमच्या संघटनेत एक टर्नर आहेत. वय तेव्हा चव्वेचाळीस. हात असा की, धातूवरून बोट फिरवून किती घासायचे राहिले ते सांगावे. या सोबत्यांच्या डाव्या कानात शिट्टी वाजू लागली आणि हळूहळू त्या कानाने ऐकू येईनासे झाले. त्यांच्या लेथपासून वीस पावलांवर प्रेस चालत. ते आमच्याकडे आले आणि आम्ही क्षणाचाही विचार न करता निकाल दिला, "प्रेसच्या आवाजाने झाले हे!" मोठ्या आवाजाने येणारे बहिरेपण हे कायद्याने मानलेले, धंद्यातून जडणारे दुखणे आहे. आम्ही व्यवस्थापनाला पत्रे लिहिली, बैठका घेतल्या, कानात घालावयाची बोंडे सर्वांना मिळवून दिली. ते काम योग्यच झाले. परंतु ज्यांच्यासाठी सुरू केले त्यांचे दुखणे तसेच वाढत राहिले. दोन वर्षे गेली. मग ते अंधारात चालताना झोकांड्या खाऊ लागले. दाढी करताना डावा गाल बधिर लागू लागला. ज्यांनी आयुष्यात सुपारीचे खांडही तोंडात धरले नाही, त्यांच्याकडे पाहून पाळीवरची पोरे 'आज लवकर बसली वाटते' असे म्हणून हसत.

अखेर सावेडीतल्याच एका कानाच्या डॉक्टरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "दोन्ही कान गेले, की एकच?" कारखान्याचा आवाज दोन्ही कानांत शिरतो. त्यामुळे येणारे बहिरेपण बहुधा दोन्ही बाजूंना, कमीअधिक सारखे येते. एकच कान पडत चालला असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. एम.आर.आय. काढला. ऐकण्याच्या मज्जातंतूवर, कवटीच्या आत, लहान लिंबाएवढी गाठ निघाली. अशी गाठ सहसा कर्करोगाची नसते आणि वाढते फार सावकाश. परंतु जागाच अशी आहे की वाढता वाढता ती श्वास व नाडी चालविणाऱ्या मेंदूच्या देठावर दाब आणते. दोन वर्षे आम्ही ज्या दुखण्याला प्रेसचा आवाज म्हणत होतो, ते हे होते.

पुण्यास शस्त्रक्रिया करावी लागेल असे ठरले, आणि घरात रडारड सुरू झाली. त्यांच्या आई म्हणाल्या, "डोके उघडलेला माणूस आमच्या गावात कोणी परत आलेला पाहिला नाही." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "एक कान गेला तर जाऊ द्या. दुसरा आहे ना?" असे तीन महिने गेले. शेवटी ते स्वतः आमच्यापुढे येऊन बसले व म्हणाले, "अण्णा, तुम्ही सांगाल तसे करू." एकदा चुकीचे सांगून बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सांगण्याचा धीर होत नाही. आम्ही म्हणालो, "आधी आम्ही समजून घेतो, मग बोलतो." आज आपल्यापुढे मांडीत आहोत ते त्या समजून घेण्यातूनच आले आहे.

कोनाड्यातले काम

ज्या शस्त्रवैद्यांकडे आम्ही गेलो, त्यांनी आम्हास अर्धा तास दिला, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या ध्यानात आले की समोरचा माणूस यंत्रावर काम केलेला आहे. त्यांनी चहाचा रिकामा स्टीलचा पेला उचलला, त्यात पाच रुपयांचे नाणे टाकले आणि म्हणाले, "यावरची अक्षरे वाचा." आम्ही वाकलो, तो आमच्याच डोक्याची सावली पेल्यात पडली. डोके बाजूला घेतले तर पेल्याचा काठ आड आला. एक डोळा मिटला तेव्हा तळ जरा दिसला, परंतु तो किती खोल आहे याचा अंदाज सुटला. ते म्हणाले, "आता असे समजा की पेला याच्या निम्म्याने अरुंद आहे, त्याच्या भिंती म्हणजे जिवंत मेंदू आहे, त्यांना जोराने लोटता येत नाही, आणि तळाशी नाण्याऐवजी दोऱ्यासारखा मज्जातंतू आहे."

श्रोतेहो, मेंदूच्या शस्त्रक्रियेची सगळी अडचण या पेल्यात आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेत आतडी हाताने बाजूला सारता येतात. मेंदू असा सारता येत नाही. त्याला फार वेळ व फार जोराने बाजूला धरले तर तो सुजतो, दुखावतो, आणि तो भाग जे काम करीत असेल ते काम बंद पडते. म्हणून वाट अरुंद ठेवावी लागते. वाट अरुंद ठेवली की उजेड आत जात नाही आणि दोन्ही डोळे एकाच वेळी तळ पाहू शकत नाहीत. म्हणजे रोग्याच्या हिताची अरुंद वाट शस्त्रवैद्याला आंधळे करते. पूर्वी यावर उपाय एकच होता. वाट मोठी करावयाची आणि कपाळावर दिवा बांधावयाचा. त्या काळी कवटी अधिक उघडावी लागे, मेंदू अधिक लोटावा लागे, आणि अशी गाठ काढताना चेहऱ्याचा मज्जातंतू वाचला तर नशीब म्हणत. सूक्ष्मदर्शकाने ही कोंडी फोडली. कशी ते पाहू.

विहीर आणि आरसा

सूक्ष्मदर्शक म्हटले की आपल्यापुढे शाळेच्या प्रयोगशाळेतील, काचेच्या पट्टीवर कांद्याचा पापुद्रा दाखविणारे यंत्र येते. शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक त्याहून वेगळा आहे. त्याचे भिंग शरीराला चिकटलेले नसते. ते वीतभरापासून हातभरापर्यंत दूर राहते, कारण मधल्या जागेत शस्त्रवैद्याचे हात व हत्यारे फिरावयाची असतात. तो वस्तू मोठी करून दाखवितो हे खरे. साधारणपणे चार-पाच पटींपासून वीस-पंचवीस पटींपर्यंत. परंतु केवळ मोठे दिसणे ही त्याची सर्वांत मोठी करामत आहे, असे आम्हास वाटत नाही. घड्याळजी डोळ्याला भिंग लावतो तेव्हाही वस्तू मोठी दिसतेच. सूक्ष्मदर्शक त्याशिवाय आणखी दोन गोष्टी देतो.

पहिली गोष्ट उजेड. आपल्या खेड्यांत विहिरीत घागर बुडाली की एखादी शहाणी बाई घरातून आरसा आणते. उन्हात उभी राहून त्या आरशाने सूर्याचा कवडसा सरळ खाली टाकते, आणि मग तळाशी पडलेली घागर दिसते. भर दुपारी कडक ऊन असले तरी विहिरीच्या तळाला उजेड नसतो, कारण ऊन तिरपे येऊन भिंतीवर अडते. कवडसा जर पाहणाऱ्याच्या नजरेच्या वाटेनेच खाली गेला तर भिंतीची सावली पडत नाही. सूक्ष्मदर्शकात नेमके हेच केलेले असते. झेनॉनच्या किंवा अलीकडे एल.ई.डी.च्या दिव्याचा प्रखर उजेड आरशांनी व लोलकांनी वळवून, ज्या भिंगातून पाहावयाचे त्याच भिंगातून खाली सोडतात. नजर व उजेड एकाच वाटेने जातात. त्यामुळे दोन बोटे रुंद व चारपाच बोटे खोल अशा वाटेच्या तळाशीही लखलखीत उजेड पडतो.

दुसरी गोष्ट दोन डोळ्यांची. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. दोरा सुईच्या पुढेमागे चाचपडतो. खोली कळण्यासाठी दोन डोळ्यांनी दोन निराळ्या कोनांतून पाहावे लागते. माणसाच्या दोन बाहुल्यांत सुमारे सहा-साडेसहा सेंटीमीटरांचे अंतर असते, म्हणून अरुंद भोकाच्या तळाशी दोन्ही डोळ्यांची नजर एकदम पोहोचत नाही. सूक्ष्मदर्शक काय करतो? तो डोळ्यांपासून निघालेल्या दोन वाटा आतल्या आत एकमेकींच्या जवळ आणतो, इतक्या की खालच्या भिंगापाशी त्यांच्यात दोन-अडीच सेंटीमीटरच अंतर उरते. जणू काही शस्त्रवैद्याचे दोन्ही डोळे उचलून एकमेकांशेजारी, त्या अरुंद तोंडाशी आणून बसविले. मग तळाची वस्तू उंचसखल, जिवंत अशी दिसते. कोणता तंतू वर आहे, कोणती रक्तवाहिनी त्याच्या मागून गेली आहे, हे कळते.

त्या शस्त्रवैद्यांनी आम्हास एका रिकाम्या वेळी, कपडे बदलवून, त्या यंत्रापाशी नेले व तोच पेला खाली ठेवला. आम्ही डोळे लावले मात्र, आणि त्या पाच रुपयांच्या नाण्याच्या अक्षरांवरून बोट फिरवावे असे वाटले. अक्षरांच्या कडांना पडलेले चरे, त्यांत अडकलेला मळ, सर्व काही दिसत होते, आणि पेल्याच्या तळाची खोलीही जाणवत होती. आम्ही तीस वर्षांत अनेक यंत्रे पाहिली. इतका वेळ एका यंत्रावरून न हटण्याचा प्रसंग आम्हास दुसरा आठवत नाही.

हे यंत्र कसे घडले

हे यंत्र एका माणसाने एका दिवसात काढले नाही. स्वीडनमध्ये कार्ल नीलेन या कानाच्या डॉक्टरांनी १९२१ साली शस्त्रक्रियेत प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला. त्यातून एकाच डोळ्याने पाहता येई. पुढच्याच वर्षी गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक आणला. जर्मनीत त्साइस कारखान्यातील हान्स लिटमान यांनी भिंगांची अशी रचना बसविली की रोग्यापासूनचे अंतर न बदलता, केवळ एक चक्री फिरवून लहानमोठे पाहता यावे. त्या रचनेचा सूक्ष्मदर्शक १९५३ साली बाजारात आला. हे प्रथम कानाच्या व डोळ्यांच्या डॉक्टरांनी उचलले. मेंदूचे शस्त्रवैद्य मागे राहिले होते.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे थिओडोर कुर्झ यांनी कानाच्या शस्त्रवैद्यांचे काम पाहून हे यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणले. १९५७ साली त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूवरील गाठ सूक्ष्मदर्शकाखाली काढली. १९६० साली व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे जेकबसन यांनी याच यंत्राखाली अगदी बारीक रक्तवाहिन्या शिवून दाखविल्या. तेथेच डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत मूळचे तुर्कस्तानचे, झुरिच येथे काम करणारे गाझी यासारगिल शिकावयास गेले. वर्षभर त्यांनी प्राण्यांच्या रक्तवाहिन्या शिवल्या. परत येऊन ३० ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांनी झुरिच येथे टाळूच्या कातडीतील रक्तवाहिनी मेंदूच्या रक्तवाहिनीस जोडून दाखविली. हे यासारगिल जून २०२५ मध्ये, वयाची शंभरी पुरी होण्यास महिनाही उरला नसताना वारले. आज जगभर मेंदूची सूक्ष्म शस्त्रक्रिया ज्या रीतीने चालते, त्या रीतीचा मोठा भाग त्यांनी घालून दिलेला आहे.

यंत्रावरच्या कामगाराला यासारगिल यांची एक गोष्ट विशेष समजेल. सूक्ष्मदर्शक जड. एक जागा पाहून झाली की तो हलवावा लागे, म्हणजे हातातली हत्यारे खाली ठेवावी लागत. पुन्हा जागा शोधावी लागे. शस्त्रक्रियेचा किती वेळ यातच जाई! त्यांनी यंत्र तोलाच्या वजनांवर टांगवून घेतले. ताजव्याची दोन्ही पारडी सारखी झाली की बोटाच्या धक्क्याने दांडी हलते, तसे ते भारी यंत्र हलके झाले. सांध्यांना विजेच्या चुंबकाचे ब्रेक बसविले. ब्रेक सुटला की यंत्र तरंगते, लागला की जागच्या जागी खिळते. आणि हात गुंतलेले असल्यामुळे हा ब्रेक सोडण्यासाठी तोंडात धरावयाची एक कळ केली. शस्त्रवैद्य दातांत कळ धरून, मानेने यंत्र हलवितात, आणि दोन्ही हात मेंदूपासून दूर जात नाहीत. लहानमोठे करणे, स्पष्ट करणे यासाठी पायाशी पॅडल असते. ज्याने आयुष्यात शिलाईचे यंत्र किंवा प्रेस चालविला, त्याला हातपायांचा हा मेळ सांगावा लागत नाही.

त्या दिवशी काय झाले

आता आमच्या सोबत्यांकडे वळू. हे सर्व समजून घेतल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो व म्हणालो, "कान परत येईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. तोंड वाकडे होण्याची भीती आहे, तीही ते लपवीत नाहीत. परंतु गाठ ठेवली तर पुढे जिवावर येईल. आमचे मत, करावे." त्यांच्या आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही यंत्र पाहिले का?" आम्ही म्हणालो, "पाहिले." त्या म्हणाल्या, "मग न्या."

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. तिचे चित्रीकरण पुढे त्यांनी व आम्ही मिळून पाहिले. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडलेला असतो, त्यामुळे जे शस्त्रवैद्य पाहतात तेच पडद्यावर हत्यारे देणाऱ्या परिचारिकेला, भूल देणाऱ्या डॉक्टरांना व शिकणाऱ्यांना दिसते. कोणते हत्यार लागणार हे परिचारिकेला मागण्याआधी कळते. मदतनीस डॉक्टरांसाठी दुसरी नळी असते, आणि सबंध यंत्रावर निर्जंतुक केलेले पारदर्शक आवरण चढविलेले असते.

कानाच्या मागे कवटीला लहान खिडकी पाडली. मेंदूभोवतीचे पाणी हलकेच वाहू दिले, तसा लहान मेंदू आपोआप सैल होऊन मागे सरला. मग गाठ दिसली, पिवळसर, चकचकीत. चेहऱ्याचा मज्जातंतू ऐकण्याच्या मज्जातंतूला लागूनच असतो. गाठीने त्याला इतका ताणला होता की तो दोऱ्यासारखा न राहता पापडाच्या कडेसारखा पातळ होऊन गाठीवर पसरला होता. साध्या डोळ्यांनी तो आणि गाठीचे आवरण यांत फरक कळला नसता. गाठ प्रथम आतून पोखरली, भोपळा कोरावा तशी. पोकळ झाल्यावर तिचे आवरण तंतूवरून तीळतीळ सोडविले. गालाच्या स्नायूंत बारीक सुया लावलेल्या होत्या. तंतूच्या जवळ विजेची अगदी हलकी टोचणी दिली की यंत्र आवाज करी, आणि तंतू कोठे आहे ते डोळ्यांबरोबर कानांनाही कळे. ते चित्र पाहताना आमचे सोबती हळूच म्हणाले, "अण्णा, हे तर शेवटच्या घासाचे काम आहे." टर्नरच्या भाषेत शेवटचा घास म्हणजे ज्यात चूक झाली की आधीचे सगळे काम वाया जाते.

इतर उपयोग

या यंत्राचा उपयोग एवढ्याच दुखण्यापुरता नाही. मेंदूतील रक्तवाहिनीला कधी कधी फुगा येतो. तो फुटला तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो. त्या फुग्याच्या देठाला सूक्ष्मदर्शकाखाली धातूचा बारीक चिमटा लावतात. चिमटा नीट बसला की नाही, शेजारची चांगली वाहिनी त्यात दाबली गेली की काय, हे पाहण्यासाठी शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचे एक हिरवे औषध देतात. सूक्ष्मदर्शकातील अवरक्त कॅमेऱ्याखाली रक्त वाहत असलेल्या वाहिन्या उजळतात, बंद असलेल्या काळ्याच राहतात. चूक झाली असेल तर ती तेथल्या तेथे, डोके बंद करण्यापूर्वीच सुधारता येते.

मेंदूच्या कर्करोगाची गाठ व चांगला मेंदू यांची सीमा डोळ्यांना फसविते. अशा वेळी शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रोग्याला एक औषध पाण्यातून पाजतात. रोगट पेशी त्यातून असा पदार्थ तयार करतात की सूक्ष्मदर्शकाचा निळा-जांभळा उजेड पडताच त्या लालसर चमकतात. जर्मनीतील शस्त्रवैद्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या पाहणीत, या उजेडाच्या मदतीने दिसणारी गाठ पूर्ण निघालेले रोगी शेकडा ६५ होते. साध्या उजेडात शेकडा ३६. रोग त्याने समूळ जात नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु तो पुन्हा वाढण्यापूर्वीचा काळ लांबतो.

मार्केट यार्डातील आमच्या हमालबंधूंना जवळची गोष्ट म्हणजे पाठीची. मणक्यांमधील गादी सरकून तंतूवर दाबते आणि कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. विश्रांतीने व औषधाने बहुतेकांना बरे वाटते. ज्यांना वाटत नाही त्यांची गादी सत्तरच्या दशकापासून सूक्ष्मदर्शकाखाली, एका लहानशा छेदातून काढता येऊ लागली. पाठीचे स्नायू कमी कापले गेले म्हणजे माणूस लवकर उभा राहतो. अर्थात शस्त्रवैद्याकडे जाण्याची पाळीच येऊ नये हे पहिले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ सालीच एका माणसाने हाताने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा केला. पाठ वाचविणारा कायदा आणि पाठ सुधारणारे यंत्र, दोन्ही लागतात. परंतु क्रम हाच.

यंत्राच्या मर्यादा

कोणत्याही यंत्राची स्तुती ऐकली की त्याचे दोष विचारावे, ही आमची सवय. सूक्ष्मदर्शकाने वस्तू जितकी मोठी कराल तितका दिसणारा टापू लहान होतो व स्पष्ट दिसणारी खोलीही कमी होते. हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. म्हणून शस्त्रवैद्य हात टेकण्याच्या खुर्चीवर बसतात, मनगट टेकवितात आणि काम फक्त बोटांच्या टोकांनी करतात. दिवा इतका प्रखर की बेपर्वाईने वापरला तर जखमेच्या कडेची कातडी भाजू शकते. उजेड गरजेपुरताच ठेवावा लागतो. आणि डोळ्यांना दिसले तरी हाताला येत नाही. शिकाऊ डॉक्टर प्रयोगशाळेत ०.०२ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे केसाहून पुष्कळ बारीक अशा दोऱ्याने गाठी मारण्याचा महिनोन् महिने सराव करतात. यंत्र विकत मिळते. हात घडवावा लागतो.

आणखी एक गोष्ट. आठआठ तास डोळे नळीला लावून वाकून बसल्यामुळे शस्त्रवैद्यांना मानेची व पाठीची दुखणी जडतात. हे ऐकून आम्हास गंमत वाटली आणि वाईटही वाटले. विडी वळणाऱ्या आमच्या भगिनी खाली मान घालून दिवस काढतात, त्यांचीही तक्रार हीच. अलीकडे नळीऐवजी वर कॅमेरा टांगून, विशेष चष्म्यातून मोठ्या पडद्यावर खोलीसह चित्र पाहत, ताठ बसून काम करण्याची सोय निघाली आहे. कामाच्या जागी माणसाची मान सरळ राहावी यासाठी जे डोके चालविले गेले, ते विडी कामगाराच्या सुपापाशीही चालवावे असे आम्हास वाटते.

हे यंत्र कोणाचे

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचे नवे युग १९४९ साली वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केले. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम हाती घेतले. मुंबईत डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांनी हे शास्त्र रुजविले. ही मंडळी बहुतांशी धर्मादाय, सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांतून काम करीत होती. परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली गिरणगावात उभे राहिले, ते महापालिकेने चालविलेले. त्याच रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना पट्टी व स्क्रूने जोडण्याची जी रीत काढली व १९९४ साली प्रसिद्ध केली, ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. गिरणी कामगारांच्या वस्तीतील, करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णालयाने जगाला शिकविले, ही गोष्ट आम्ही प्रत्येक सभेत सांगतो.

उत्तम सूक्ष्मदर्शकाची किंमत कोटीच्या घरात जाते. कोणताही कामगार ती देऊ शकत नाही; सगळ्यांनी मिळून ती दिली तरच यंत्र त्याच्यापर्यंत येते. राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ साली झाला तो याच तत्त्वावर. राज्यात २०१२ साली सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना याच तत्त्वावर आहे. मेंदूच्या व मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहेत. आमच्या सोबत्यांचा खर्च काही योजनेतून, काही सोबत्यांच्या वर्गणीतून भागला. वर्गणी काढावी लागली नसती तर अधिक बरे झाले असते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात असे यंत्र, ते चालविणारे हात आणि ते दुरुस्त ठेवणारा तंत्रज्ञ असावा, ही मागणी पगारवाढीच्या मागणीइतकीच कामगार चळवळीची आहे, असे आम्ही मानतो.

शेवटी आमच्या चुकीतून निघालेली गोष्ट सांगून थांबतो. एकाच कानाने ऐकू येईनासे झाले, एकाच कानात शिट्टी वाजत राहिली, चालताना तोल जाऊ लागला, एका बाजूचा चेहरा बधिर वाटला, तर ते थकव्यावर, वयावर किंवा कारखान्यावर ढकलू नये. कानाच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि लवकर दाखवावे. अशा दहा माणसांत बहुतेकांचे कारण साधेच निघेल. परंतु ज्याची गाठ लहान असताना सापडेल, त्याचा मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याची आशा पुष्कळ अधिक. आमच्या संघटनेच्या कचेरीत आता हे मोठ्या अक्षरांत लिहून लावले आहे. कामगार कानाची तक्रार घेऊन आला की पत्र लिहिण्यापूर्वी आम्ही विचारतो, "एक, की दोन्ही?"

आमचे सोबती सहा महिन्यांनी कामावर आले. डावा कान गेला तो गेलाच. डाव्या डोळ्याची पापणी काही महिने पुरी मिटत नव्हती, ती आता मिटते. ते हसले की उजवा गाल आधी हसतो आणि डावा मागून येतो. त्यांच्या आई म्हणतात, "येतो ना? मग झाले." ते आज येथे तिसऱ्या रांगेत, उजवा कान व्यासपीठाकडे करून बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच आम्ही हे सर्व बोललो.